मारुती आठशेचा जीर्णोद्धार

ऐतिहासिक वस्तू कोणती आणि निव्वळ जुनी वस्तू कोणती, हा प्रश्न आपल्याकडे बहुधा वस्तूच्या धन्यावरून सोडविला जातो. एखाद्या संस्थानिकाची रोल्स-रॉइस असली म्हणजे ती वारसा ठरते. तिच्यासाठी शामियाना उभारतात, तिची छायाचित्रे वृत्तपत्रांत झळकतात. तेच एखाद्या शाळामास्तराची मारुती आठशे असली म्हणजे ती भंगार ठरते आणि किलोच्या भावाने जाते. वस्तुतः या दोहोंपैकी कोणत्या गाडीने आपल्या समाजाची राहणी अधिक पालटली, हे सांगण्यास मोठ्या संशोधनाची आवश्यकता नाही. परंतु ज्या वस्तू घरोघरी असतात त्यांचा इतिहास लिहिण्याची निकड कोणास भासत नाही, कारण त्या कधी संपतील हे मनातच येत नाही. आणि त्या संपल्यावर कोणी लिहू म्हटले तर हाताशी एक धड नमुनाही उरलेला नसतो. न्हाणीघरातील तांब्याच्या बंबाचे असेच झाले. मारुती आठशेचेही तसेच होऊ घातले आहे. पंचवीस लाखांहून अधिक संख्येने या देशात विकली गेलेली ही चिमुकली हॅचबॅक गाडी जानेवारी २०१४ मध्ये बनावयाची थांबली, आणि आता ती रस्त्यावर दिसली तर लहान मुले तिच्याकडे बोट दाखवितात. तिचा इतिहास आणि तिचा जीर्णोद्धार हे दोन विषय वरवर वेगळे दिसतील. आमच्या मते ते एकच आहेत. कारण जुनी गाडी नीटनेटकी करावयाची म्हणजे तिचे कोणते रूप खरे मानावयाचे हे आधी ठरवावे लागते, आणि तो इतिहासाचाच प्रश्न आहे.

सामान्य माणसास परवडेल अशी लहान गाडी या देशात व्हावी, ही कल्पना मारुतीहून पुष्कळ जुनी. स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या तीस-पस्तीस वर्षांत गाडी घेऊ इच्छिणाऱ्यापुढे प्रायः तीनच नावे असत: उत्तरपाड्याची अँबॅसडर, कुर्ल्याची फियाट (जी पुढे पद्मिनी झाली) आणि मद्रासची स्टँडर्ड हेरल्ड. पैकी कुर्ल्याचा कारखाना हा सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४४ मध्ये स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सचा, हे मराठी वाचकांस सांगावयास नको. परवाने मोजके, उत्पादन मोजके, आणि गिऱ्हाईक मात्र ताटकळत उभे, अशी स्थिती होती. नाव नोंदवून वर्षानुवर्षे वाट पाहणे हा गाडी घेण्याच्या विधीचाच एक भाग होऊन बसला होता. १९६० च्या सुमारास ल. क. झा यांच्या अध्यक्षतेखालील समितीने स्वस्त गाडीच्या प्रश्नाचा विचार केला. तिच्यानंतर आणखी समित्या झाल्या. परंतु मोटार ही चैन की गरज, या वादातच बराचसा काळ निघून गेला.

या प्रदीर्घ प्रतीक्षेत महाराष्ट्रातील एका धडपडीचा उल्लेख न करणे कृतघ्नपणाचे होईल. इचलकरंजीचे शंकरराव कुलकर्णी यांनी एकोणीसशे चाळीसच्या दशकाच्या अखेरीपासून पुढे सुमारे पाव शतक ‘मीरा’ नावाच्या लहान गाडीचे एकामागून एक नमुने स्वतःच्या बुद्धीने तयार केले. त्यांना अभियांत्रिकीची पदवी नव्हती आणि पाठीशी मोठे भांडवलही नव्हते. त्यांची गाडी रस्त्यावर धावली, लोकांनी ती पाहिली, वाखाणली. पण कारखान्यातून मात्र ती कधीच बाहेर पडली नाही. इचलकरंजी हे मागांचे गाव. आता योगायोग पाहा. ज्या जपानी कंपनीची गाडी पुढे आपल्या घरोघरी आली, तिचा जन्मही मागांच्याच गावी झालेला आहे. १९०९ मध्ये मिचिओ सुझुकी या गृहस्थाने हामामात्सू येथे कापड विणण्याचे माग बनविण्याचा कारखाना काढला, आणि त्याच कारखान्याच्या पोटी १९५५ मध्ये ‘सुझुलाइट’ ही पहिली लहान गाडी जन्मास आली. दोन्ही गावी माग, दोन्ही ठिकाणी यंत्राशी खेळणारी माणसे. एका गावास तेथील कायद्याने आणि बाजाराने वाट करून दिली. दुसऱ्या गावाची गाडी परवान्यांच्या राज्यात कोठल्या कोठे विरून गेली. ‘मीरा’चा इतिहास कोणा तरुण अभ्यासकाने सविस्तर लिहावा, अशी आमची फार दिवसांची इच्छा आहे.

मारुती या नावाचा आरंभीचा इतिहास सुखद नाही. तो येथे थोडक्यात आटोपतो. पंतप्रधानांचे धाकटे चिरंजीव संजय गांधी यांना १९७० मध्ये वर्षाला ५०,००० लहान गाड्या काढण्याचे इरादापत्र मिळाले. १९७१ मध्ये मारुती लिमिटेड स्थापन झाली आणि हरियाणा सरकारने गुडगावजवळ सुमारे तीनशे एकर जमीन दिली. नमुने निघाले; जनतेची गाडी काही निघाली नाही. आणीबाणीनंतर चौकशी आयोग बसला, आणि १९७८ मध्ये कंपनी न्यायालयाच्या आज्ञेने मोडीत निघाली. जून १९८० मध्ये संजय गांधी विमान अपघातात मृत्यू पावले. त्यानंतर सरकारने ती मोडकी मालमत्ता ताब्यात घेतली आणि १९८१ मध्ये मारुती उद्योग लिमिटेड ही सरकारी कंपनी उभी केली. ज्या नावाला इतका डाग लागला होता तेच नाव कायम ठेवण्यात पुत्रस्नेहाचा भाग किती आणि राजकारणाचा किती, हे ज्याचे त्याने ठरवावे. एवढे खरे की व्ही. कृष्णमूर्ती आणि आर. सी. भार्गव यांच्यासारखे कसलेले प्रशासक लाभले नसते, तर दुसऱ्या मारुतीची गतही पहिलीसारखीच झाली असती.

ऑक्टोबर १९८२ मध्ये सुझुकीशी करार झाला. सुझुकीने २६ टक्के भाग घेतला आणि सोबत एक गाडीही आणली. या गाडीच्या घडणीमागे जपानच्या करपद्धतीची एक मोठी मौजेची कथा आहे. युद्धानंतर जपानने लहान गाड्यांचा एक स्वतंत्र वर्ग मानून त्यास सवलती दिल्या होत्या. १९७६ पासून त्या वर्गातील इंजिनाची मर्यादा ५५० घनसेंटिमीटर होती. त्यातही प्रवासी गाडीवर वस्तुकर असे आणि मालवाहू गाडीवर तो नसे. सुझुकीच्या चतुर कारभाऱ्यांनी १९७९ मध्ये ‘ऑल्टो’ नावाची गाडी काढली ती कागदोपत्री मालवाहू म्हणून. मागे वर उचलण्याचे दार, पुढे दोन माणसांची सोय, आणि मागील जागा नावाला मालासाठी. किंमत अवघी ४,७०,००० येन. गृहिणी भाजी आणण्यास ती नेऊ लागल्या आणि कंपनीचे भाग्य उजळले. हॅचबॅक म्हणजे वाढीव सोयीची गाडी, असे आपण समजतो. तिच्या या शाखेत मागचे दार आले ते सोयीइतकेच कराच्या भीतीने! याच गाडीची प्रवासी बहीण ‘फ्राँटे’. आणि तिलाच ७९६ घनसेंटिमीटरचे तीन सिलिंडरांचे इंजिन बसवून जी आवृत्ती परदेशांसाठी तयार झाली, ती आपल्या पहिल्या मारुतीची जननी. इंजिन पुढे, तेही आडवे, आणि ओढ पुढच्याच चाकांची. जागा वाचविणारी ही मांडणी ब्रिटनच्या ‘मिनी’ने १९५९ मध्ये जगास शिकविली होती. आपल्या अँबॅसडरच्या युगातील मिस्त्र्यांना मात्र ती अगदीच नवलाची वाटली.

१४ डिसेंबर १९८३ रोजी, म्हणजे संजय गांधींच्या जन्मदिनी, इंदिरा गांधींच्या हस्ते पहिल्या मारुतीची किल्ली हरपाल सिंग या इंडियन एअरलाइन्सच्या कर्मचाऱ्यास देण्यात आली. सोडतीत त्यांचा क्रमांक लागला होता. गाडीची किंमत ४७,५०० रुपये. दहा हजार रुपये अनामत भरून लाखाहून अधिक लोकांनी आधीच नावे नोंदविली होती. यांत कोण होते? डॉक्टर, वकील, लहान कारखानदार हे तर होतेच. पण बँकेतील अधिकारी, महाविद्यालयातील अध्यापक आणि निवृत्तीचा पैसा नुकताच हाती आलेले कारकूनही होते. १९८६ मध्ये गाडीचे रूप पालटले. कडा गोलसर झाल्या, मागील दार काचेसह वर उचलले जाऊ लागले. हीच दुसरी आकृती आपल्या सर्वांच्या डोळ्यांपुढे आहे. मोटार शिकविणाऱ्या शाळांनी ती घेतली, आणि मध्यमवर्गातील पुष्कळ स्त्रिया गाडी चालविण्यास शिकल्या त्या याच हलक्या सुकाणूवर. ज्या कुटुंबात चारचाकी म्हणजे लग्नासाठी भाड्याने आणावयाची वस्तू होती, तेथे ती दाराशी उभी राहिली. सचिन तेंडुलकरांची पहिली गाडीही मारुती आठशेच. ती आज कोणाकडे असेल तर आपणांस कळवावे, असे आवाहन त्यांनी २०२० मध्ये केले होते. ज्यास जगातील कोणतीही गाडी घेता येते, त्याने या गाडीचा शोध करावा, यातच तिची योग्यता कळून येते.

एवढ्या थोर गाडीचा पहिला नमुना तरी देशाने नीट जपला असेल, असे वाचकांस वाटेल. हरपाल सिंगांनी ती गाडी २०१० मध्ये स्वतःचे देहावसान होईतो विकली नाही. त्यांच्या पश्चात ती उघड्यावर उभी राहिली, तिला गंज चढला, आणि तिच्या दुरवस्थेची छायाचित्रे सर्वत्र फिरू लागली. पुढे कंपनीने ती पूर्ववत करून आपल्या मुख्यालयात मांडली, हे चांगले झाले. परंतु ज्या गाडीची किल्ली पंतप्रधानांनी दिली तिची ही कथा, तर उरलेल्या लाखो गाड्यांची काय असणार?

यात कायद्याचाही वाटा आहे. १ जुलै १९८९ पासून अमलात आलेल्या मोटार वाहन अधिनियमाप्रमाणे खाजगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षे टिकते. त्यापुढे दर पाच वर्षांनी गाडीची तपासणी करून ती वाढवून घ्यावी लागते. पूर्वी मोटारीच्या या नूतनीकरणास ६०० रुपये शुल्क होते. एप्रिल २०२२ पासून ते ५,००० झाले, आणि पुढे वीस वर्षांवरील गाड्यांना त्याहूनही वाढविण्यात आले. दुसऱ्या बाजूने, जुलै २०२१ च्या नियमांनी पन्नास वर्षे पूर्ण झालेल्या गाड्यांस ‘व्हिंटेज’ म्हणून मान दिला. त्यांना निराळी अक्षरे, निराळी नोंदणी, प्रदर्शनास व फेरीस नेण्याची मुभा. म्हणजे पंधराव्या वर्षी गाडी म्हातारी ठरते आणि पन्नासाव्या वर्षी पूज्य ठरते. मधली पस्तीस वर्षे तिने कोठे काढावी, याविषयी कोणास फारशी चिंता दिसत नाही. सर्वांत पहिली मारुती आठशेदेखील पन्नाशी गाठेल ती डिसेंबर २०३३ मध्ये. तोवर किती उरतील?

दिल्लीच्या हवेचा प्रश्न खोटा नाही, आणि जुन्या गाडीत नव्या गाडीची सुरक्षितता नसते हेही खरे. प्रत्येक जुनी मारुती राखावी, असा आमचा हट्ट मुळीच नाही. परंतु गाडीचे वय पाहावे की तिची प्रकृती पाहावी, हा प्रश्न विचारण्याचा अधिकार आम्हांस आहे. शिवाय त्या व्हिंटेजच्या नियमात एक अट अशी आहे, की गाडी मूळ स्वरूपात असावी. तिच्या सांगाड्यात, कवचात किंवा इंजिनात मोठा फेरफार झालेला नसावा. जी वस्तू पन्नासाव्या वर्षी मूळ रूपात हवी, ती तिसाव्या वर्षी कोणीतरी मूळ रूपात सांभाळलेली असली पाहिजे, हे उघड आहे. ते सांभाळणे कायद्याने कोणावर टाकलेले नाही. ते हौशी माणसाच्याच माथी येते.

अशा हौशीने आम्ही गेल्या वर्षी सांगलीकडील एका तालुक्याच्या गावी १९९३ सालची एक पांढरी मारुती आठशे विकत घेतली. मूळ मालक माध्यमिक शाळेत गणित शिकवीत. ते वारले होते. नोंदणीपुस्तकावर दिवंगताचे नाव आणि नोंदणीची मुदत २०२३ मध्ये संपलेली, अशी दुहेरी अडचण होती. अशा वेळी गाडी प्रथम वारसाच्या नावे करावी लागते, मुदतवाढ व विलंबशुल्क भरावे लागते, आणि मगच ती विकत घेणाऱ्याच्या नावे चढते. जुनी गाडी घेणाऱ्यांनी इंजिन पाहण्याआधी कागद पाहावेत, असे आमचे आग्रहाचे सांगणे आहे. इंजिन पुन्हा बांधता येते; हरवलेला वारसदाखला बांधता येत नाही. सांगाड्यावर ठोकलेला क्रमांक आणि पुस्तकातील क्रमांक हे अक्षर न् अक्षर ताडून घ्यावेत. गाडी बँकेच्या कर्जावर घेतलेली असेल तर ते कर्ज फिटल्याची नोंद पुस्तकात आहे की नाही, हे पाहावे. कर्ज पंचवीस वर्षांपूर्वी फिटलेले असते, पण नोंद काढावयाची राहून गेलेली असते.

मुलांच्या मनातून गाडी भंगारात द्यावयाची होती, आणि त्यांचे फारसे चुकत होते असे नाही. दोघेही नोकरीनिमित्त दूर, आणि दाराशी उभी असलेली गाडी म्हणजे उंदरांचे घर. आड आल्या त्या त्यांच्या मातोश्री. “सर, ह्यांनी तिला एक पावसाळा उघड्यावर काढू दिला नाही हो,” त्या म्हणाल्या. “चालवणार असाल तर न्या. नुसती ठेवणार असाल तर नको.” आम्ही चालविण्याचे वचन दिले. तेव्हा काकूंनी आतून एक जाड वही आणून आमच्या हाती दिली.

ती वही आम्हांस गाडीहून मोलाची वाटते. गुरुजींनी १९९३ पासून २०१९ पर्यंत जेव्हा जेव्हा पेट्रोल भरले, तेव्हा तेव्हा तारीख, किलोमीटर, लिटर, दर आणि प्रवासाचे ठिकाण अशा पाच रकान्यांत नोंद केली आहे. गणिताचेच शिक्षक, दर महिन्याअखेर सरासरी काढून तिच्याखाली दुहेरी रेघ. पहिल्या काही वर्षांत ठिकाणे म्हणजे नरसोबाची वाडी, पंढरपूर, कोल्हापूर आणि एकदा गणपतीपुळे. मग मुलांची महाविद्यालये येतात. शनिवारी जाणे, रविवारी येणे. मग ‘मिरज – दवाखाना’ ही नोंद एका वर्षात एकवीस वेळा. त्या वर्षी सरासरीखाली रेघ नाही. जुलै २००५ च्या पानावर ‘पूर. गाडी टेकावर’, आणि ऑगस्ट २०१९ मध्ये, वहीच्या जवळजवळ शेवटी, पुन्हा तेच शब्द. कृष्णेच्या दोन महापुरांत या गृहस्थांनी प्रथम गाडी उंचावर नेली, यावरून तिची घरातील जागा समजते. एका मराठी कुटुंबाची सव्वीस वर्षे या रकान्यांतून वाचता येतात. पेशवे दफ्तरातील रोजकीर्द चाळून त्या काळची बाजारपेठ जाणणारे आमचे अभ्यासक अशा वह्यांकडे केव्हा वळणार, हे कळत नाही. त्या रद्दीत जात आहेत, आणि गाड्यांच्याही आधी जात आहेत.

आता गाडीच्या प्रकृतीविषयी. या गाडीस पालखीच्या दांडीसारखा निराळा सांगाडा नाही; पत्र्याचे कवच हीच तिची हाडे. म्हणून तिचा खरा शत्रू गंज. तो बाहेरून दिसत नाही, तेथेच आधी लागतो: पायपुशांखालील तळाला, दारांच्या खालच्या कडांना, बॅटरीखालच्या पत्र्याला, मागील जादा चाकाच्या खळग्यात. कोकणात वाढलेली गाडी आणि देशावर वाढलेली गाडी यांत या बाबतीत जमीन-अस्मानाचे अंतर असते. रंगाखाली पत्रा आहे की नुसती लांबी भरली आहे, हे पाहण्यास खिशात एक लोहचुंबक असला म्हणजे पुरे. जेथे तो धरीत नाही तेथे पत्रा उरलेला नाही. आमच्या गाडीचा तळ ठोकला असता एका कोपऱ्यावाचून सर्वत्र खणखणीत बोलला. इंजिनाची फारशी काळजी नव्हती. हेच ७९६ घनसेंटिमीटरचे इंजिन ‘ओम्नी’ या भावंडात २०१९ पर्यंत बनत होते. त्यामुळे सुटे भाग अद्याप मिळतात, आणि न मिळाल्यास पुण्यातील जुना बाजार रविवारी व बुधवारी भरतोच.

खरा वाद झाला तो आमच्या मिस्त्र्यांशी. मिस्त्री साठीचे, फियाटवर हात बसलेला, पुढे मारुतीवर आयुष्य गेले. गाडीभोवती एक प्रदक्षिणा घालून ते म्हणाले, “सर, सगळी घासून काढू. मस्त लाल रंग मारू, चाकं रुंद घालू, आतलं सगळं नवं. लोक बघत राहतील.” त्यांच्या म्हणण्यात लबाडी नव्हती, हौसच होती. जीर्णोद्धार म्हणजे नवे करणे, अशीच आपली परंपरागत समजूत आहे. काळ्या पाषाणाच्या देवळास भडक तैलरंग फासून त्याच्या कळसास विजेच्या माळा गुंडाळणारे भक्तही प्रेमानेच ते करीत असतात. दुसऱ्या टोकास काही अतिशुद्ध मंडळी आहेत. त्यांना गाडी कारखान्यातून ज्या दिवशी बाहेर पडली त्या दिवशीसारखी हवी असते. त्या दिवसानंतर जे काही घडले तो सारा मळ, असे ते मानतात.

आम्हांस दोन्ही पक्ष पटत नाहीत. आपल्याकडे मारुतीच्या मूर्तीवर पिढ्यानुपिढ्या शेंदराचे लेप चढत जातात. कधीतरी ते कवच आपोआप गळून पडते, किंवा २०२२ मध्ये वणीच्या सप्तशृंगीच्या बाबतीत झाले तसे ते जाणत्या हातांनी उतरविले जाते, आणि आतील मूळ रेखीव रूप दिसू लागते. हा दाखला अतिशुद्धवाद्यांस सोयीचा वाटेल. पण उतरविलेला शेंदूर हाही भाविकांच्या शतकांचा लेखच असतो, आणि तो उतरविताना काय कोठे होते याची टिपणे ठेवावी लागतात. ग्रंथाच्या पाठचिकित्सेतही तसेच आहे. भांडारकर संस्थेत महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध करताना जे श्लोक मागाहून घुसलेले ठरले, ते पंडितांनी जाळून टाकले नाहीत. तळटीपांत व परिशिष्टांत त्यांस जागा दिली. गाडीच्या बाबतीत आम्ही हाच न्याय लावला. जे धन्याने प्रेमाने जोडले ते ठेवावयाचे. जे दुकानदाराने त्याच्या गळ्यात बांधले ते काढावयाचे. आणि जे काळाने खाल्ले ते मूळच्यासारखे, पण जेवढ्यास तेवढेच, भरून काढावयाचे.

त्याप्रमाणे चाकांवरील चकचकीत टोप्या गेल्या, कर्कश भोंगा गेला आणि मूळचा किनरा भोंगा परत आला. रंग पांढराच राहिला. तोही गंजल्या कोपऱ्यापुरता आणि दोन दारांच्या कडांपुरता नवा. सबंध गाडी रंगविली असती तर उजव्या दारावरचा, किल्लीच्या जुडग्याने सव्वीस वर्षांत घासून काढलेला तो चंद्रकोरीसारखा पट्टा गेला असता. दर्शनी पटावर चिकटविलेला पितळी गणपती जागच्या जागी आहे. मागील काचेवर मुलीचे नाव होते. त्यातील दोन अक्षरे उन्हाने खाल्ली आहेत, ती आम्ही पुरी केली नाहीत. आसनांवरील क्रोशाने विणलेली वस्त्रे काकूंकडे पाठविली. त्यांनी ती धुऊन, एक उसवलेला कोपरा नव्याने विणून परत दिली. नव्या दोऱ्याची पांढरी छटा किंचित निराळी आहे. जाजमाखाली सापडले ते असे: एक एस. टी. चे तिकीट, पाच पैशांचे एक नाणे, एक लहान शिंपला. शिंपला गणपतीपुळ्याचा असावा, कारण वहीत समुद्राकाठचे दुसरे ठिकाण नाही.

यंत्राच्या बाबतीत मात्र आम्ही इतके सोवळे पाळले नाही. ब्रेक, टायर, सुकाणूचे सांधे, टायमिंगचा पट्टा, हे सारे नवे घातले. ज्या वस्तूवर माणसाचा जीव अवलंबून आहे तेथे पुराणवस्तूचे प्रेम कामाचे नाही. पेट्रोलच्या रबरी नळ्याही बदलणे भाग होते, कारण २०२५ पासून देशभर मिळणाऱ्या पेट्रोलात वीस टक्के इथेनॉल असते आणि १९९३ च्या रबराला ते सोसत नाही.

कार्बोरेटर तेवढा मूळचाच ठेवला. तो जुळविण्याचे काम पाहण्याजोगे होते. मिस्त्र्यांनी तो उघडला, जेट रॉकेलात धुऊन तोंडाने फुंकले, पुन्हा बसविला. मग इंजिन चालू करून, डोळे मिटून, पेचकसाने स्क्रू पाव वळसा इकडे, पाव वळसा तिकडे करीत ऐकत राहिले. त्यांच्या हाताखालचा विशीतला मुलगा हुशार आहे. नव्या गाडीस तो संगणक जोडतो आणि दोष वाचून दाखवितो. पण या गाडीस जोडावयास काही नाही, म्हणून तो गोंधळून उभा होता. “कान दे,” मिस्त्री त्यास म्हणाले. “तिघांत एक मागं पडतोय, ऐकू येतंय का?” मुलाने मान हलविली ती नकारार्थी. दुसऱ्या दिवशी त्यांनी मुद्दाम तो स्क्रू पुन्हा बिघडवून त्याच्या हाती पेचकस दिला. तिसऱ्या प्रयत्नास त्यास जमले. या एका गोष्टीसाठी तरी गाडी घेतल्याचे सार्थक झाले, असे आम्हांस वाटते. कारण गाडीचा पत्रा एखाद्या संग्रहालयात राहील, परंतु हे ऐकणे काचेच्या कपाटात ठेवता येत नाही.

नूतनीकरणाच्या तपासणीस गाडी गेली तेव्हा धूर प्रमाणात भरला आणि ब्रेक जागेवर लागले. तिला पुढील पाच वर्षांची मुदत मिळाली आहे. त्यानंतर पन्नाशीपर्यंत आणखी काही मुदती घ्याव्या लागतील. तेव्हा नियम काय असतील, शुल्क किती असेल आणि गाडी कोणाच्या हाती असेल, हे आज सांगता येत नाही. ‘मूळ स्वरूपात आहे काय?’ असे कोणी विचारलेच, तर काय बदलले व का बदलले याची यादी आम्ही वहीच्या शेवटच्या कोऱ्या पानांवर लिहून ठेविली आहे. उरलेल्या पानांत गुरुजींचे पाच रकाने पुढे चालू आहेत. गेल्या महिन्याची सरासरी दर लिटरला साडेसोळा किलोमीटर पडली. गुरुजींची १९९४ सालची सरासरी एकोणीस होती. मिस्त्र्यांचे म्हणणे, फरक पेट्रोलाचा आहे.